सोन्याचा कस आणि पुरातन दागिन्यांचे मोल

सोन्याच्या वस्तूत शुद्ध सोने किती आहे, हे सांगणारे प्रमाण म्हणजे कस. कस मोजता येतो. त्या वस्तूला जाणता ग्राहक किती देईल, हा मोलाचा प्रश्न, आणि तो तराजूवर सुटत नाही. साध्या वेढ्याच्या बाबतीत कस आणि मोल जवळजवळ एकच असतात. दागिना जितका जुना आणि कुसरीचा, तितके त्यांतले अंतर वाढत जाते. शिवाय सर्वांत अचूक कस काढायचा तर दागिन्याचा कण कापून वितळवावा लागतो, आणि जुन्या दागिन्याचे मोल तो अखंड असण्यावरच अवलंबून असते.

शुद्ध सोने मऊ असते, म्हणून दागिन्यांसाठी त्यात तांबे, चांदी, जस्त, पॅलेडियम असे धातू मिसळतात. या मिसळीला हीण म्हणतात आणि हीण जास्त झालेले सोने ते हिणकस. पण हीण म्हणजे लबाडी नव्हे. त्याच्याशिवाय खड्याची पकड टिकत नाही आणि साखळीची कडी उघडते. लबाडी होते ती हीण लपवले तर. तांबे वाढले की सोने लालसर दिसते, चांदी वाढली की हिरवट, पॅलेडियम किंवा निकेल घातले की पांढरे. एकाच कसाचे सोने असे तीन-चार रंगांत मिळू शकते. तरीही ‘पिवळेधमक म्हणजे चोख’ हा समज जाता जात नाही.

प्रमाण सांगण्याच्या दोन रीती आहेत. कॅरटमध्ये पूर्ण शुद्धता २४ भागांची धरतात आणि दुसऱ्या रीतीत १,००० भागांची. त्यामुळे २२ कॅरट म्हणजे ९१६, १८ म्हणजे ७५० आणि ९ म्हणजे ३७५. १४ कॅरटचा हिशेब ५८३ येतो, पण आजचे प्रमाण ५८५ आहे. रत्नांचा कॅरट निराळा. ते वजन आहे, ०.२ ग्रॅमचे. एकाच अंगठीच्या पावतीवर हे दोन्ही कॅरट शेजारीशेजारी येतात आणि गोंधळ होतो.

कसोटीचा दगड

कस काढण्याचे सर्वांत जुने आणि आजही वापरातले साधन म्हणजे काळा, बारीक कणांचा, आम्लाला दाद न देणारा दगड. त्यावर दागिना हलकेच घासून रेघ उमटवतात. शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळीची रेघ ओढतात आणि दोन्हींवर आम्ल सोडतात. कमी कसाची रेघ नायट्रिक आम्लाने विरते. चढ्या कसासाठी त्यात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळावे लागते. कोणती रेघ आधी फिकी पडते, यावरून अंदाज बांधतात. ग्रीक विचारवंत थिओफ्रास्टसने इ. स. पू. चौथ्या शतकात या दगडाचे वर्णन केले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात त्याचे नाव निकष, आणि तेथे परीक्षेपेक्षा फसवणुकीचेच तपशील अधिक रंजक आहेत: नखाआड गेरूची पूड लपवून ती रेघेवर भुरभुरणे ही त्यांतली एक युक्ती. मराठीत आपण माणसांना आणि धोरणांनाही जे ‘निकष’ लावतो, ज्या ‘कसोटी’ला उतरवतो, ते शब्द या दगडाचेच.

मुरलेला पारखी या रीतीने हजारात दहा-वीस भागांपर्यंत जवळ जातो. मर्यादा अशी की रेघ पृष्ठभागाची असते. जाड मुलामा दिलेला दागिना हलक्या हाताने घासला तर मुलाम्याचाच कस कळतो. म्हणून पारखी आधी कानशीने एक बारीक खाच पाडतो, तीही सहसा दिसणार नाही अशा जागी.

अग्निपरीक्षा

वाद मिटवणारी रीत मात्र आगीचीच. सुमारे पाव ग्रॅम नमुना तोलून घेतात, त्यात सोन्याच्या अडीच-तीन पट चांदी घालतात आणि सर्व शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र वाटीत ठेवतात. ही वाटी हाडांच्या राखेची किंवा मॅग्नेशियाची, म्हणजे मॅग्नेशियमच्या ऑक्साइडची, असते. सुमारे १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे शिशाचे ऑक्साइड होते, ते तांब्यासारख्या धातूंना सोबत घेऊन वाटीत मुरते आणि सोने-चांदीचा चकचकीत मणी मागे राहतो. तो ठोकून, लाटून, गुंडाळून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते आणि तपकिरी रंगाचे सच्छिद्र सोने उरते. ते भाजून तोलले की हजारात एक भागापर्यंतचे उत्तर मिळते. चांदी मुद्दाम घालण्याचे कारण साधे आहे: सोन्याचे प्रमाण फार असेल तर आम्ल आत शिरतच नाही.

आज बहुतेक ठिकाणी क्ष-किरणांचे यंत्र काही सेकंदांत सर्व धातूंचे प्रमाण दाखवते. दागिन्याला ओरखडाही पडत नाही, म्हणून पुरातन वस्तूंसाठी ते वरदान आहे. पण सोन्यात हे किरण काही मायक्रोमीटरच वाचतात. मुलाम्यापुढे यंत्रही दगडाइतकेच भोळे. घनतेची परीक्षा, म्हणजे हवेत आणि पाण्यात तोलणे, आर्किमिडीजच्या नावाने प्रसिद्ध आहे. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३२ पट आणि २२ कॅरटची १७.७ च्या आसपास. भरीव, बिनखड्याच्या वस्तूला ती उत्तम, पोकळ वस्तूला निरुपयोगी. टंगस्टनची घनता १९.२५ असल्याने लगडीच्या पोटात तो भरला तर तराजू फसतो. तेथे ध्वनिलहरी कामी येतात. लोहचुंबकाने लोखंड सापडते, पितळ नाही. दाताने चावून पाहण्याला काहीच अर्थ नाही, कारण शिसे सोन्याहून मऊ असते.

शिक्के

दागिन्यावरचा शिक्का कस सांगतो. जुन्या दागिन्यावर तो वयही सांगतो. इंग्लंडमध्ये १३०० च्या कायद्याने बिबट्याच्या मुखाचा शिक्का आला. १४७८ पासून लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहात, म्हणजे ‘हॉल’मध्ये, परीक्षा होऊ लागली. ‘हॉलमार्क’ हा शब्द तेथला. त्याच सुमारास दरवर्षी बदलणारे अक्षर उमटवण्याची प्रथा पडली, त्यामुळे अनेक ब्रिटिश दागिन्यांचे नेमके वर्ष सांगता येते. ब्रिटनने १८५४ मध्ये १५, १२ आणि ९ कॅरटला मान्यता दिली. १९३२ मध्ये १५ आणि १२ बंद करून १४ आणले. म्हणजे १५ कॅरटचा अस्सल ब्रिटिश शिक्का दिसला की दागिना या ७८ वर्षांतलाच. फ्रान्समध्ये १८ कॅरटसाठी १८३८ पासून गरुडाचे मस्तक आहे. जुन्या रशियात शुद्धता ९६ भागांत मोजत, म्हणून तेथल्या वस्तूवरचा ५६ हा आकडा १४ कॅरट सांगतो, ‘५६ टक्के’ नव्हे. भारतात सोन्याचा हॉलमार्क २००० मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाला आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्याआधीच्या दागिन्यावर शिक्का नसणे हा काही खोटेपणाचा पुरावा नाही. उलट शिक्का असणे हीही हमी नव्हे: जुना शिक्का कापून नव्या वस्तूला झाळलेला सापडतो, त्याची कड भिंगाखाली दिसते.

धातूचे मूल्य काढणे हे निव्वळ अंकगणित आहे. समजा दागिना ४० ग्रॅमचा आहे. त्यात लाखेचा भराव आणि खडे मिळून ६ ग्रॅम. उरले ३४ ग्रॅम. कस ९१६ असेल तर शुद्ध सोने ३१.१ ग्रॅम, म्हणजे सोने तोलण्याच्या मापात जवळपास एक ट्रॉय औंस. झाळीचे सोने सहसा हलक्या कसाचे असल्याने वारंवार दुरुस्त केलेल्या वस्तूत वितळवल्यावर थोडी घट येते. मोडीत काढताना मिळते ती एवढ्या सोन्याच्या भावाची रक्कम, गाळणावळ वजा जाता.

वय ओळखणे

अनेक देशांच्या सीमाशुल्क नियमांत आणि व्यापारात शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला पुरातन म्हणतात. वय ठरवताना पारखी एकेका तंत्राचा जन्म आठवतो. प्राचीन तार पट्टी पिळून किंवा ठोकून करत, म्हणून तिच्यावर नागमोडी शिवण दिसते. जंतरातून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, ओढलेल्या तारेवर लांब समांतर रेघा असतात. १८४० मध्ये पेटंट मिळालेल्या विद्युत मुलाम्याआधी पाऱ्याच्या साहाय्याने मुलामा देत. हिऱ्यांचे जुने पैलू हाताने पाडलेले, किंचित असमान आणि चौकोनाकडे झुकणारे. आजच्या गोल पैलूची गणिती मांडणी १९१९ ची. ज्वाळेत घडवलेले कृत्रिम माणिक १९०२ मध्ये जाहीर झाले. त्याच्या आत वक्र रेषा दिसतात. अठराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या अंगठीत असे माणिक निघाले तर एकतर अंगठी नवी, नाहीतर खडा बदललेला.

कस आणि वय यांचा संबंध नसतो, याचे सर्वांत महागडे उदाहरण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे. १८९६ मध्ये त्याने सायताफर्नीस या प्राचीन राजाचा म्हणून एक सुवर्णमुकुट दोन लाख फ्रँकला विकत घेतला. सोने खरे होते. मुकुट मात्र ओडेसाच्या इस्राएल रुखोमोव्स्की या सोनाराने घडवलेला होता, काही वर्षांपूर्वीच. १९०३ मध्ये त्याने पॅरिसला येऊन, मुकुटाचा एक भाग पुन्हा घडवून दाखवला तेव्हा सर्वांना पटले. कोणतीही कसोटी हे सांगू शकली नसती.

मोल धातूपासून किती सुटू शकते, हे मोत्यांत दिसते. १९१७ मध्ये जवाहिर पिएर कार्तिएने दहा लाख डॉलरच्या दुपदरी नैसर्गिक मोत्यांच्या हाराच्या बदल्यात न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा वाडा मिळवला. मग संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, मोती बाजारात आले, आणि १९५७ मध्ये तो हार सुमारे दीड लाख डॉलरला गेला. मोती तेच होते. १९९६ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या जॅकलिन केनेडी यांचा नकली मोत्यांचा हार २,११,५०० डॉलरला विकला गेला. त्यात कस मोजावा असे काहीच नव्हते. तो कोणाच्या गळ्यात होता, याची छायाचित्रे तेवढी होती. म्हणून जुनी पावती, मूळ डबी, कुटुंबाचे फोटो यांनाही किंमत असते.

उरतो प्रश्न अवस्थेचा, आणि पुष्कळ चांगल्या वस्तू येथेच वाया जातात, बहुधा कौतुकापोटी. नवेपणा आणण्यासाठी केलेल्या पॉलिशने शिक्के झिजतात, कोरीवकामाच्या कडा बोथट होतात. मिन्याचा उडालेला टवका पुन्हा भरला तरी रंग क्वचितच जुळतो. कर्णफुलाचे पदक, दोन तुटक्या दागिन्यांचा एक हार अशा जोडण्या सुंदर दिसल्या तरी संग्राहक त्यांना कमीच देतो. अठराव्या शतकातल्या खड्यांची कोंदणे बरेचदा मागून बंद असत आणि खड्याखाली चमक वाढवणारा पातळ पत्रा असे. त्यात पाणी शिरले की पत्रा काळवंडतो, खडा मंदावतो. असे दागिने कंपनाने सफाई करणाऱ्या यंत्रात घालत नाहीत, साबणपाण्यातही नाही. कोरड्या मऊ कुंचल्याने झटकतात.