बिदरी काम

जस्तप्रधान मिश्रधातूच्या ओतीव वस्तूवर चरे कोरून त्यांत चांदी ठोकून बसवणे आणि शेवटी मूळ धातूचा पृष्ठभाग कायमचा काळा करणे, या दख्खनी धातुकामाला बिदरी काम म्हणतात. चांदीबरोबर जुन्या वस्तूंत पितळ आणि क्वचित सोनेही आढळते. नाव बीदर (आताचे कर्नाटक राज्य) या शहरावरून आले. हुक्क्याचे भांडे, पानदान, पिकदाणी, सुरई, हात धुण्याचे तस्त व झारी, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पलंगाचे खूर, गालिचा उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवायची मीर-ए-फर्श नावाची वजने अशा रोजच्या हाताळणीच्या वस्तूंवरच ही कला वाढली. यांपैकी पुष्कळ वस्तू आज वापरातून गेल्या आहेत; संग्राहकांच्या कपाटात आणि संग्रहालयांत मात्र त्यांना मानाचे स्थान आहे.

उत्पत्ती : बिदरीच्या उगमाविषयी निदान तीन परंपरा सांगितल्या जातात. पहिलीनुसार बहमनी सुलतान अहमदशाह (कारकीर्द १४२२–३६) याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवल्यावर इराणी कारागीर तेथे आले, त्यांत अब्दुल्ला बिन कैसर हे नाव घेतले जाते. दुसरी परंपरा ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या अनुयायांशी या कलेचा संबंध जोडते आणि इराण, अजमेर, विजापूर, बीदर असा तिचा प्रवास सांगते. तिसरी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी टिपणांतून आली आहे. तीत बीदरच्या एका स्थानिक हिंदू राजाने देवपूजेची फुले ठेवण्यासाठी अशी भांडी करवून घेतली आणि पुढे बहमनी सुलतानांनी त्यांत सुधारणा केली, असे म्हटले आहे. तिन्हींपैकी एकीलाही समकालीन लेखाचा आधार नाही.

इराणी उगमाचा पक्ष अधिक लोकप्रिय आहे. बहमनी दरबारातील इराणी विद्वान व शिल्पी, नक्षीतील फारसी वळण आणि तंत्राची फारसी नावे हे त्याचे आधार होत. मात्र इराण, इराक व सिरिया येथील जडावकाम पितळेवर किंवा काशावर होते. जस्ताच्या मिश्रधातूवरील, मातीच्या लेपाने काळे केलेले काम तिकडे सापडलेले नाही. त्यामुळे जडावाची कल्पना पश्चिमेकडून आली असली, तरी तिला बिदरीचे रूप देणारा धातू आणि त्यावरचा काळा रंग ही दख्खनचीच निर्मिती असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काळ्या भूमीवर चमकते नक्षीकाम हा बीदरच्या वास्तुकलेचाही आवडता परिणाम होता. बीदरचा सुलतान अली बरीदशाह (कारकीर्द १५४२–८०) याच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेले आहेत. त्यावरून बिदरीची तारीख ठरवता येत नाही, पण ती ज्या रुचीतून जन्मली ती रुची तेथे स्पष्ट दिसते.

कालनिश्चिती : पंधराव्या शतकातील म्हणून निर्विवादपणे दाखवता येईल अशी एकही बिदरी वस्तू ज्ञात नाही. उपलब्ध जुन्या वस्तू बहुतेक अभ्यासक सतराव्या शतकात, काही थोड्या सोळाव्याच्या अखेरीस ठेवतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील दख्खनी व मोगल चित्रांत काळी-रुपेरी भांडी दिसतात आणि ती बिदरीची असणे संभवते. ग्रंथातील उल्लेख त्याहून उशिराचा आहे. साधारण १७५९–६० च्या सुमारास रचलेल्या चहार गुलशन या फारसी ग्रंथात बीदरच्या या मालाचा निर्देश येतो आणि तोच सामान्यतः पहिला मानला जातो.

आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. एक म्हणजे जस्त. ते ९०७° से. ला उकळते, त्यामुळे खनिजातून काढताना त्याची वाफ होऊन उडून जाते. ते मिळवायला ऊर्ध्वपातनाची भट्टी लागते. राजस्थानातील जावर येथे अशा भट्ट्या मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालत होत्या आणि सतराव्या शतकापासून चीनकडचे जस्तही समुद्रमार्गे येऊ लागले. म्हणजे बहमनी काळात जस्त मिळणे अशक्य नव्हते, पण विपुल पुरवठा पुढचा. दुसरी गोष्ट म्हणजे हुक्का. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. विजापूरहून परतलेल्या असद बेग या मोगल दूताने ती १६०४ च्या सुमारास अकबराच्या दरबारात नेली. बिदरीत सर्वाधिक संख्येने टिकलेला प्रकार हुक्क्याच्या भांड्यांचा आहे आणि तो १६०० च्या फारसा मागे जाऊ शकत नाही. पानदानाला ही मर्यादा लागू पडत नाही. तरीही दोन्ही पुरावे एकत्र घेतले तर कलेचा बहर सतराव्या शतकात धरणे सुरक्षित आहे.

आकारावरूनही ढोबळ कालक्रम लावतात. हुक्क्याची गोल भांडी, जी कड्यावर ठेवल्याशिवाय उभी राहत नाहीत, आधीची. सपाट बुडाची घंटाकार भांडी अठराव्या शतकातील व पुढची. नक्षीत खसखशीसारख्या फुलझाडांची सुटी रोपे हा मोगल वळणाचा नमुना आधीचा. अशर्फीची बुट्टी, तीन पाकळ्यांची वेल, माशाच्या खवल्यांचा माही-पुश्त हे नमुने दीर्घकाळ चालत राहिले, त्यामुळे केवळ त्यांवरून काळ ठरवणे धोक्याचे आहे.

मिश्रधातू : आजच्या कारखान्यांत वजनाने १६ भाग जस्त आणि १ भाग तांबे असे प्रमाण सांगतात, म्हणजे तांबे सुमारे ५.९%. जुन्या नोंदी यापेक्षा बऱ्याच वेगळ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील निसर्गअभ्यासक बेंजामिन हाईने याने बीदरची कृती दिली ती अशी : १६ औंस तांबे, ४ औंस शिसे व २ औंस कथील एकत्र वितळवावे आणि या मिश्रणाच्या दर ३ औंसांमागे १६ औंस जस्त घालावे. हिशोब केल्यास जस्त ८४%, तांबे ११.५% च्या आसपास येते. कंपनीचाच पाहणी अधिकारी फ्रान्सिस ब्यूकॅनन याने बिहारमधील पूर्णियाच्या पाहणीत (१८०९–१०) १२,३६० ग्रेन जस्त, ४६० ग्रेन तांबे व ४१४ ग्रेन शिसे असे प्रमाण नोंदवले. त्यात तांबे जेमतेम ३.५% आहे. संग्रहालयांतील जुन्या वस्तूंच्या रासायनिक परीक्षणांतही तांबे साधारण २ ते १०% या पट्ट्यात आढळले. तेव्हा एकच ‘अस्सल’ प्रमाण शोधण्यात अर्थ नाही.

तांब्याचा अंश मात्र अनिवार्य आहे. शुद्ध जस्तावर बिदरीचा लेप दिला तर करडी छटा येते, मखमली काळा रंग येत नाही. तांबे फार वाढले तर धातू कठीण व ठिसूळ होतो, छिन्नी घसरते आणि चऱ्याची कड तुटते. शिशाने ओतकाम सोपे होते असे मानतात.

वितळवताना अडचण जस्ताची असते. ते ४१९.५° ला वितळते, तर तांब्याला १,०८५° लागतात. म्हणून तांबे आधी वितळवून वेगळे मिश्रण करतात किंवा वितळलेल्या जस्तात तांब्याचे बारीक तुकडे विरघळू देतात. मूस जास्त तापली की जस्त पेटून पांढरा धूर निघतो. जस्त घटते, प्रमाण बिघडते आणि हा धूर हुंगणाऱ्याला तापही येतो. जस्त जळू नये म्हणून मुशीत राळ व मेण टाकण्याची पद्धत जुन्या वर्णनांत आहे.

कृती : पूर्वी भांडी मेणाच्या साच्याने ओतत. चाकावर फिरवून मातीचा गाभा करायचा, त्यावर मेण व राळेचा थर चढवायचा, वर पुन्हा माती लिंपायची आणि तापवून मेण काढून त्या पोकळीत धातू ओतायचा. आता दोन भागांचा मातीचा साचा वापरतात. चाळलेल्या तांबड्या मातीत एरंडेल व राळ मिसळून ती ठासून भरतात. सुरईसारखी पोकळ वस्तू दोन अर्ध्या भागांत ओतून झाळतात. साच्यात ओल राहिली तर वाफ धरून धातूत छिद्रे पडतात. अशी छिद्रे कानशीखाली उघडी पडतात आणि चांदीची तार नेमकी तेथेच पकड सोडते.

ओतीव वस्तू कानस व खुरचणीने घासून गुळगुळीत करतात. मग तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि त्यावर पोलादी टोकाने काढलेली नक्षीची रेघ पांढरी उठून दिसते. सराईत कारागीर ही नक्षी कागदाशिवाय, थेट हाताने काढतो. मेण व राळेच्या गोळ्यावर वस्तू घट्ट बसवून कलम नावाच्या लहान छिन्न्यांनी, हलक्या हातोडीने चर कोरतात. सगळ्या कामाचा कस येथे लागतो. चर तोंडाशी किंचित अरुंद आणि तळाशी रुंद हवा. तसे असले तर ठोकलेली मऊ चांदी आत पसरून अडकते. बाजू सरळ ठेवल्या तर काही वर्षांनी तार उचलली जाते. डिंक किंवा झाळ कोठेही वापरत नाहीत. चांदी शुद्ध व तापवून मऊ केलेली लागते. भेसळीची तार ठोकताना ताठरते आणि चऱ्याचा कोपरा भरत नाही. जडाव झाला की पुन्हा कानस व पॉलिश. या टप्प्यावर धातू व चांदी दोन्ही रुपेरीच दिसतात, नक्षी जवळजवळ नाहीशी होते.

प्रकार : तारेचे काम ते तारकशी. चांदीचा पत्रा कापून खोल बसवला आणि पृष्ठाशी समतल ठेवला तर तहनिशान. थोडा उठाव ठेवला तर जरनिशान; शिशाच्या उंचवट्यावर चांदीचा पत्रा चढवून ठळक उठाव दिला तर जरबुलंद, जो लखनौच्या कामात विशेष आढळतो. आफताबी प्रकारात चांदीच्या पत्र्यातच नक्षी कापून काढतात, म्हणजे भूमी चांदीची आणि फुले काळी. या संज्ञांच्या सीमा सर्व ग्रंथकार सारख्या आखत नाहीत.

काळेपणा : वस्तू हलकी गरम करून तिच्यावर बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा पाण्यात कालवलेला लेप चोळतात किंवा ती त्याच्या उकळत्या द्रावात बुडवतात. थोड्याच वेळात मिश्रधातू गर्द काळा होतो, चांदी मात्र तशीच राहते. धुऊन, पुसून वर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोळले की काळा रंग खुलतो.

किल्ल्याच्या मातीविषयी पुष्कळ गूढ सांगितले जाते. शेकडो वर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या भागातीलच माती चालते हा कारागिरांचा आग्रह; ती ते जिभेवर चाखून पारखतात. या आग्रहात तथ्य आहे. जुन्या, आडोशाच्या बांधकामांत सेंद्रिय मलापासून सोरा (नायट्रेट क्षार) साठत जातो आणि तो पाण्यात सहज विरघळत असल्याने पाऊस लागलेल्या मातीतून वाहून जातो. जिभेला जाणवते ती या क्षारांचीच चव. तांत्रिक परीक्षणांचा कलही याच बाजूचा आहे : नवसागर व सोऱ्याच्या क्रियेने वरवरचे जस्त विरघळते, तांबे मागे उरते आणि त्याच्या संयुगांचा पातळ काळा थर तयार होतो. लखनौ आणि पूर्णियाला बीदरची माती नव्हती, तरी तेथे बिदरी काळी होत असे. तेव्हा किल्ला अपरिहार्य नव्हे, क्षार अपरिहार्य होत. बीदरच्या कारागिराचे कौशल्य त्याने उणावत नाही, कारण योग्य माती ओळखणारी जीभ त्याचीच आहे.

प्रसार व संग्रह : बीदरखेरीज हैदराबाद, लखनौ, पूर्णिया व मुर्शिदाबाद ही केंद्रे नोंदली गेली आहेत. शेवटच्या दोन ठिकाणांची माहिती त्रोटक आहे. महाराष्ट्रात औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे बिदरी होते आणि तेथे अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेले नमुनेही दिसतात. बीदर व औरंगाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे मराठीभाषक तालुके मुंबई राज्यात आले आणि जिल्हा विभागला गेला.

लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात बिदरी मांडली गेली. तेथील काही वस्तू आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही मोठा संग्रह आहे. दरबारी गिऱ्हाईक संपल्यावर सिगारेटच्या पेट्या, फुलदाण्या, कफलिंक आणि अलीकडे पेन ड्राइव्हची आवरणे होऊ लागली. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली.

पारख व निगा : काळा रंग लावलेले पितळ बिदरी म्हणून विकले जाते. रंगाचा थर कडेला सोलतो व खाली पिवळे दिसते. बिदरीचा थर सोलत नाही, खरवडल्यास खाली करडा-रुपेरी धातू लागतो. अर्थात जुन्या वस्तूवर हा प्रयोग करू नये, बुडाच्या आतील बाजूवर भिंगाने झीज पाहावी. नक्षीवरून नख फिरवल्यास तारकशी सपाट लागते. छापलेल्या नक्षीत चऱ्याची कड भिंगाखाली दिसत नाही.

चांदी काळवंडली म्हणून चिंच, लिंबू किंवा चांदी उजळायचे तयार द्राव वापरणे ही नेहमीची व सर्वांत महाग पडणारी चूक आहे. आम्लाने जस्त खाल्ले जाते आणि काळा थर जातो. तो पुन्हा द्यायचा तर वस्तू घासावी लागते. त्यात पातळ पत्रा झिजतो. मऊ कापडाने फक्त चांदीवर हलके चोळावे. किनारपट्टीच्या पावसाळी हवेत जस्तावर पांढरी भुकटी धरते. तेव्हा वस्तू कोरडी पुसून खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात द्यावा व उरलेले तेल टिपून घ्यावे, नाहीतर धूळ नक्षीत बसते. हुक्क्याच्या भांड्यात किंवा फुलदाणीत पाणी ठेवू नये. ओतीव जस्त ठिसूळ असल्याने वस्तू पडली तर पोचा येण्याऐवजी तडकते. तडा झाळण्याच्या उष्णतेने भोवतालचा काळा थर बिघडतो, म्हणून दुरुस्ती बिदरीचेच काम करणाऱ्याकडे द्यावी.