इनटेक मॅनिफोल्डवरील फ्युएल रेलची जोडणी

फ्युएल रेल : पेट्रोल इंजिनाच्या सगळ्या इंजेक्टरना (पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या तोट्यांना) एकाच दाबाने पेट्रोल पुरवणारी, इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला) बोल्टने आवळलेली नळी. इंजेक्टर रेल आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उभा असतो. त्याचे डोके रेलच्या कपात बसते आणि तोंड मॅनिफोल्डच्या भोकात. बहुतेक गाड्यांत इंजेक्टरला स्वतःचा बोल्ट नसतो. रेल आवळली की तोही जागी दाबला जातो. खानदेशातल्या गॅरेजांत हिला नुसते ‘रेल’ म्हणतात. भुसावळात त्यावरून होणारे विनोद इथे द्यायची गरज नाही.

कार्बुरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) काळात मॅनिफोल्डला एकाच ठिकाणी पेट्रोल मिळे आणि हवेबरोबर ते जमेल तसे सिलिंडरांत वाटले जाई. प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी स्वतंत्र इंजेक्टर आणि त्याला संगणकाचा हुकूम, ही रचना फोक्सवॅगनच्या गाडीवर बॉशच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीतून १९६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. आपल्याकडे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ची (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) अक्षरे दिसू लागली. कार्बुरेटर कानाने जुळवणाऱ्या मिस्तरींना तेव्हा हात नव्याने बसवावा लागला. २०२० मध्ये बीएस-६ (भारत स्टेज-६) हे प्रदूषणाचे नियम आले आणि मोटरसायकलीही इंजेक्टरवर गेल्या. तिथे सिलिंडर एकच असल्याने रेलऐवजी इंजेक्टरच्या डोक्यावर एक टोपी असते. बसवण्याचे तत्त्व तेच.

रावेर-यावलची केळी वाहणाऱ्या डिझेल ट्रकांतली ‘कॉमन रेल’ मात्र वेगळी चीज आहे. तिचे इंजेक्टर थेट सिलिंडर हेडमध्ये असतात, मॅनिफोल्डशी त्यांचा संबंध नसतो आणि दाब हजार बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) पुढे जातो. पेट्रोलच्या रेलची सवय झालेल्या हाताने चालू इंजिनावर तिचा नट सैल करू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते.

पेट्रोलच्या रेलमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो. इंजेक्टरच्या डोक्याचा व्यास १४ मिलिमीटर धरला, तर ३ बारला एकेका कपावर सुमारे पावणेपाच किलोचा जोर येतो. चार सिलिंडरांचे मिळून सुमारे १९ किलो, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्याइतकेही नाही. त्यामुळे दोन-तीन छोटे बोल्ट पुरतात आणि ते बेताने आवळायचे असतात. आजचे बरेच मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात आणि बोल्टचे आटे त्यात रोवलेल्या पितळी बुशात (नळकांड्यात) असतात. लांब दांड्याचा पाना जोरात ओढला की बुश जागेवरच गरगर फिरू लागतो. मग वीस रुपयांच्या ओ-रिंगसाठी (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यासाठी) उघडलेले काम मॅनिफोल्ड बदलण्यापर्यंत जाते.

इंजेक्टरला ओ-रिंगा दोन, आणि त्यांची कामे उलट. वरची पेट्रोल बाहेर येऊ देत नाही, खालची हवा आत जाऊ देत नाही. वरची गेली की वास येतो, ओल दिसते, गिऱ्हाईक घाबरून लगेच गाडी आणते. खालची गेली की दिसत काहीच नाही. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन संथ चालू असताना) मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या मानाने बरीच पोकळी असते, ती फटीतून हवा ओढते. हवा मोजणारा सेन्सर वाटेत असेल तर ही चोरून आलेली हवा त्याच्या हिशेबात येत नाही. मिश्रण पातळ होते आणि गाडी मिसिंग मारते (अडखळत चालते). मॅनिफोल्डचा दाब मोजून हिशेब करणाऱ्या गाड्यांत आयडलिंग उगाच चढते. ‘भो, गाडी उभ्या उभ्या रेस घेऊन राहिली,’ ही जळगावकडची तक्रार त्यातलीच. त्यावर प्लग बदलतात, थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) धुतात, पंपावरच्या पेट्रोलला शिव्या घालतात. खरे तर आयडलिंगला इंजेक्टरच्या बुडाशी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून पाहिला तरी पुष्कळदा पत्ता लागतो. पाणी फटीवर बसले की इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो.

रेल सोडवण्याआधी तिच्यातला दाब उतरवावा लागतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचे, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. त्यानंतरचे काम इकडच्या मिस्तरींना जास्त जपावे लागते : इंजेक्टरच्या बुडाशी साठलेली धूळ. काळ्या मातीची बारीक भुकटी तेलकट होऊन तिथे लेप धरते आणि इंजेक्टर उपसताच सरळ भोकात पडते. म्हणून उपसण्याआधी कंप्रेसरची हवा मारायची आणि उपसल्यावर भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे घालायचे. बोळे मोजून घालावेत आणि मोजूनच काढावेत.

जुनी ओ-रिंग कधी कधी भोकातच चिकटून राहते. नवी तिच्यावर दाबली की इंजेक्टर थोडा वर राहतो आणि रेल तिरकी बसते. नवी ओ-रिंग कोरडी ढकलली तर पीळ पडून चिरते. स्वच्छ इंजिन ऑइलचा बोटभर हात पुरतो. आधी सगळे इंजेक्टर रेलमध्ये क्लिपने अडकवायचे, मग रेल दोन्ही हातांनी सरळ खाली दाबायची. इंजेक्टर बोटांनी थोडा फिरला पाहिजे. अडला तर उचलून पुन्हा बसवावा. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे. शेवटी चावी दोन-तीनदा नुसती ऑन करून पंपाला दाब भरू द्यायचा आणि प्रत्येक कपाखाली कागद फिरवून ओल आहे का ते पाहायचे.

रेल आणि मॅनिफोल्डमध्ये काही गाड्यांत प्लॅस्टिकचे जाड वॉशर असतात. ते हरवले तर ‘चालतंय’ म्हणून तसेच आवळतात, पण तसे चालत नाही. त्यांच्यावर इंजेक्टरची खोली ठरते आणि इंजिनाची धगही अडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता निघत नाही, रेलमधल्या पेट्रोलची वाफ धरते, आणि अर्ध्या तासाने सेल्फ मारला की गाडी लांबवर घुरघुरते.

रेलइतकेच महत्त्व आता गॅस किटला आले आहे. सिक्वेन्शियल (सिलिंडरांना पाळीपाळीने गॅस देणाऱ्या) सीएनजी किटमध्ये टाकीतला सुमारे २०० बारचा गॅस रिड्यूसरमधून दोनेक बारवर उतरतो आणि दुसऱ्या, गॅसच्या रेलमधून मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीत जातो. त्यासाठी मॅनिफोल्डला सिलिंडरगणिक एक भोक पाडून, टॅप मारून (आटे पाडून) नोझल बसवतात. भोक सिलिंडर हेडच्या जितके जवळ आणि गॅसच्या पाइपा जितक्या आखूड व सारख्या लांबीच्या, तितका पिकअप चांगला. मॅनिफोल्ड न उतरवता, ड्रिलला ग्रीस फासून भोक पाडणारे कारागीर आहेत. ग्रीसमध्ये बहुतेक कीस अडकतो. सुटलेला कण मात्र पहिल्याच सेल्फला इनटेक व्हॉल्व्हपाशी जातो, आणि त्याच्या सीटमध्ये सापडला की त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरते. मॅनिफोल्ड उतरवायला दोन तास लागतात आणि गिऱ्हाईक तेवढे थांबायला तयार नसते, म्हणून ग्रीसचा डबा अजून चालतो.