जुनापाणीची शिलावर्तुळे : पार्श्वभूमी

नागपूरहून काटोल रस्त्याला लागले की शहराच्या वेशीबाहेरच जुनापाणी आहे. माळावर काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे पसरली आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती शेताच्या बांधाचे पडके दगड वाटतात, पण ती प्राचीन माणसांनी दफनासाठी रचलेली मानली जातात.

१८७९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने यातली काही वर्तुळे उकरून त्यावर लिहिले. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जवळपास शांततेची. शास्त्रीय उत्खनन १९६१-६२ मध्ये झाले. मग टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशी विदर्भातली स्थळे एकामागून एक पुढे आली आणि १९८० पर्यंत चित्र पार पालटले. माहुरझरीला तांब्याच्या अलंकारांसह पुरलेले घोडे सापडले, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी.

इथेच सगळ्यात मोठा घोळ आहे, तो नावाचा. ही वर्तुळे उभारणाऱ्यांच्या संस्कृतीला आपण ‘महाश्मयुगीन’ म्हणतो, कुणी ‘बृहदश्मयुगीन’ म्हणतात. शब्दात ‘अश्मयुग’ दडलेले असल्याने ऐकणारा थेट गारगोटीच्या हत्यारांपर्यंत, गुहांपर्यंत मागे जातो. प्रत्यक्षात ही माणसे लोखंड वापरणारी. काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. वर्तुळांतून निघालेल्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे लगाम हे सगळे लोखंडी आहे. नावातले ‘महाश्म’ म्हणजे मोठा दगड, आणि तो फक्त दफनाच्या बांधणीपुरता. युगाचे नाव थडग्याच्या कुंपणावरून पडले आणि भट्टीवाला लोहार मागे राहिला. ‘लोहयुगीन शिलावर्तुळे’ एवढे म्हटले असते तर शाळेतल्या मुलांचा गोंधळ झाला नसता. ‘प्रागैतिहासिक’ हा शब्दही इथे सैलच बसतो. अभ्यासक म्हणूनच ‘आद्य-ऐतिहासिक’, म्हणजे प्रागितिहास आणि लिखित इतिहास यांच्या सांध्यावरचा, असे म्हणतात.

‘वर्तुळ’ हा शब्दही अपुराच. कडेच्या दगडांच्या आत माती-गोट्यांचा भराव असतो, म्हणजे ती मोकळी रिंगणे नव्हेत. काहींत हाडे अगदी थोडी मिळतात, त्यामुळे थडगे की स्मारक हा वाद अजून चालू आहे.

काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे रांगेने कोरलेले आहेत. अलीकडे या रांगांचा दिशांशी संबंध जोडणारा अभ्यासही झाला. तो पटो न पटो, खळगे बघायचे तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. भर दुपारी ते दगडात हरवून जातात, तिरप्या उन्हात मात्र एकेक स्पष्ट मोजता येतो.