गुलाबी सलामी आणि थंडीत वाढणारा जंतू

खानदेशात रविवारचं चिकन अजूनही डोळ्यांदेखत कापून घ्यायचं आणि तासाभरात काळ्या मसाल्याच्या रश्श्यात उकळायचं. जंतूंना वाढायला वेळच मिळत नाही. टिकवायचं असेल तर मीठ आणि ऊन. आठवडे बाजारातले सुके बोंबील त्याच तंत्राचे. पण आता जळगाव-धुळ्यातल्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये सलामी-सॉसेजची पाकिटंही दिसतात. कुठेतरी दूरच्या कारखान्यात शिजलेलं मांस इतके दिवस टिकतं कसं?

या धंद्याचा पाया रेल्वेनं घातला. १८७५ मध्ये शिकागोत आलेल्या गुस्तावस स्विफ्ट या मांसाच्या व्यापाऱ्याला एक हिशेब खटकत होता. पूर्वेकडच्या शहरांत जनावरं जिवंत जात. वाटेत चारा-पाणी लागे, काही दगावत, आणि जनावराचं निम्म्याहून जास्त वजन खायच्या कामाचंच नसे, भाडं मात्र पूर्ण वजनाचं. अँड्र्यू चेस या अभियंत्यानं त्याला डबा करून दिला: बर्फ वरच्या बाजूला, मांस खाली. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. मांसाला बर्फ टेकू द्यायचा नाही, टेकला की रंग बिघडतो. गुरांच्या डब्यांत पैसा गुंतलेल्या रेल्वे कंपन्यांनी हा माल न्यायला नाकं मुरडली, तेव्हा स्विफ्टनं कॅनडामार्गे जाणारी ग्रँड ट्रंक रेल्वे धरली. नाशवंत मालात वॅगन ज्याच्या हाती, धंदा त्याच्या हाती, हे रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

थंडी एकटी मात्र पुरत नव्हती. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा २५० हा आकडा सापडेल. ते सोडियम नायट्राईट. घरचं मटण शिजलं की करडं-तपकिरी होतं, सलामी मात्र गुलाबी राहते. नायट्राईटपासून तयार झालेला नायट्रिक ऑक्साईड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनातल्या लोहाला चिकटतो आणि उष्णतेनं तो रंग पक्का होतो. पूर्वी यासाठी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, वापरत, आणि खारवणाऱ्या पाण्यातले जंतू त्याचं सावकाश नायट्राईट करत. १९२५ मध्ये अमेरिकेनं थेट नायट्राईट वापरायला परवानगी दिली आणि कारखान्यांचं काम झटपट झालं. हॉर्मेल कंपनीचं डबाबंद हॅम १९२६ चं, स्पॅम हे डबाबंद मांस १९३७ चं.

रंग हा दिखाऊ भाग झाला. खरं काम वेगळं आहे. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी मयताला आलेल्या वाजंत्र्यांनी हॅम खाल्लं आणि त्यातले तिघे दगावले. एमील व्हॅन एर्मेन्गेम यांनी त्या हॅममधून क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम शोधून काढला. हा जंतू हवा नसलेल्या जागीच फोफावतो, म्हणजे हवाबंद पाकीट ही त्याची हक्काची जागा. नायट्राईट त्याला रोखतं.

त्याची किंमतही आहे. नायट्राईटपासून नायट्रोसामाईन्स ही कर्करोगाला निमित्त ठरू शकणारी द्रव्यं बनू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं: रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना होतो असं नव्हे. मुळात जो धोका असतो, त्यात तेवढी भर.

मला जास्त धास्ती वाटते ती लिस्टेरिया या जंतूची. तो फ्रिजच्या ४ अंशांतही वाढत राहतो. शिजवताना मरतो, पण काप करणाऱ्या यंत्राच्या खाचांत दबा धरून बसतो आणि शिजलेल्या मांसावर पुन्हा चढतो. २००८ मध्ये कॅनडात मेपल लीफ फूड्सच्या मालातून असंच झालं, वीसहून जास्त माणसं गेली. १९०५ पासून नाव कमावलेल्या बोअर्स हेड कंपनीच्या मालानं २०२४ मध्ये अमेरिकेत दहा बळी घेतले. व्हर्जिनियातला तो कारखानाच बंद करावा लागला.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यात वीज गेली की फ्रीझर किती वेळ तग धरणार? नगेट्स सुटे न हलता एकमेकांना चिकटून गोळा झाले असतील आणि पाकिटात बर्फाचा थर असेल, तर माल बहुधा मध्येच वितळून पुन्हा गोठलाय. तो घेऊ नये. सलामी वाफ निघेपर्यंत तव्यावर परतून खावी. घरात गरोदर बाई असेल तर हे परतणं चुकवूच नये, कारण लिस्टेरियानं तिला साधा ताप येतो, पण गर्भ दगावू शकतो.