व्हर्जन दिसलं म्हणजे फर्मवेअर तपासलं का?

इंदुरात देवास नाक्याकडच्या गॅरेजांत ‘आधी इंटरफेसचं फर्मवेअर बघ, मग फ्लॅश कर’ असं हल्ली बजावलं जातं. इंटरफेस म्हणजे गाडी आणि संगणक यांना जोडणारं उपकरण, फर्मवेअर म्हणजे त्याच्या आत बसवलेला प्रोग्रॅम, आणि फ्लॅश करणं म्हणजे गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन वगैरे चालवणाऱ्या संगणकात, नवा प्रोग्रॅम भरणं. पूर्वी याची गरज नव्हती. स्कॅनर फक्त बिघाडाचे कोड वाचायचा आणि पुसायचा. चुकला तर पुन्हा लावायचा.

अमेरिकेत २००२ साली अशा इंटरफेससाठी जे२५३४ हे मानक आलं. २००४च्या मॉडेलांपासून तिथल्या कंपन्यांना उत्सर्जनाशी संबंधित ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बाहेरच्या गॅरेजांनाही या मानकाच्या इंटरफेसवरून करू देणं बंधनकारक झालं. शब्दांचा गुंता इथूनच सुरू होतो. या मानकात व्हर्जन विचारायचं एक फंक्शन आहे आणि ते तीन उत्तरं देतं: इंटरफेसमधल्या फर्मवेअरचं, संगणकातल्या डीएलएलचं (इंटरफेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हर फाइलचं) आणि एपीआयचं (प्रोग्रॅमनं इंटरफेसशी कसं बोलायचं त्या नियमांचं). तिसरं उत्तर म्हणजे मानकाची आवृत्ती. ०४.०४ म्हणजे डिसेंबर २००४ची, बाकी काही नाही. गॅरेजात मात्र तिन्हींना ‘व्हर्जन’च म्हणतात, आणि ०४.०४ पाहून ‘फर्मवेअर ओके’ म्हणणारे कसबी कारागीरही मी पाहिले आहेत. त्यातून खरा फर्मवेअर क्रमांक दिसला, तरी ते इंटरफेसनं स्वतःबद्दल दिलेलं उत्तर असतं. ते खरं की खोटं, हे या फंक्शनला कळत नाही. माझ्या मते मानकातली ही उणीव मोठी आहे.

कोड वाचणाऱ्या स्कॅनरांतल्या ईएलएम३२७ चिपचं उदाहरण घ्या. कॅनडातल्या मूळ उत्पादकानं पहिल्या आवृत्तीच्या चिपला कॉपी-संरक्षण लावलं नव्हतं, त्यामुळे नकला झाल्या. त्यांतल्या असंख्य नकला स्वतःला ‘१.५’ म्हणवतात. मूळ उत्पादकानं १.५ कधी काढलंच नव्हतं.

कोड वाचताना हे खपून जातं. फ्लॅशिंगमध्ये जुना प्रोग्रॅम आधी पुसला जातो, मग नवा तुकड्यातुकड्यांनी जातो. साध्या कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या, एका फ्रेममध्ये (डेटाच्या एका पाकिटात) जास्तीत जास्त ८ बाइट बसतात, म्हणून ४०९५ बाइटपर्यंतचा एकेक संदेश शेकडो फ्रेम्समध्ये तोडावा लागतो. दोन फ्रेम्समधलं अंतर फर्मवेअरनं नीट पाळलं नाही किंवा एक फ्रेम गाळली, की काम मध्येच अडकतं. जुना प्रोग्रॅम गेलेला, नवा अर्धवट. ईसीयू बूटलोडरमध्ये, म्हणजे नवा प्रोग्रॅम घेण्यापुरत्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, बसून राहतो आणि गाडी स्टार्ट होत नाही.

आपल्याकडे एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे उत्सर्जनाचं मानक लागू झालं आणि सॉफ्टवेअर अपडेटची कामं बाहेरच्या गॅरेजांपर्यंतही येऊ लागली. नकली इंटरफेसवर मूळ कंपनीचं अपडेट चालवलं तर तो इंटरफेसच बंद पडू शकतो, म्हणून अपडेट टाळायची सवय लागली. ज्याचं फर्मवेअर अपडेट करायची भीती वाटते, तो इंटरफेस गिऱ्हाइकाच्या ईसीयूला जोडू नये, असं मी ठामपणे म्हणतो.

जाणते कारागीर तिन्ही क्रमांक वेगवेगळे लिहून घेतात. फर्मवेअरचा क्रमांक उत्पादकाच्या यादीशी ताडतात. इंटरफेसनं दाखवलेला बॅटरी व्होल्टेज मल्टिमीटरनं पडताळतात. मग भंगारातून आणलेल्या ईसीयूवर एक पूर्ण फ्लॅश करून बघतात, आणि त्यानंतरच गाडीला हात लावतात.