आरोग्य विम्याचे नकोसे फोन (नाशिक)

आरोग्य विमा विकण्यासाठी, किंवा विकण्याच्या बहाण्याने, न मागता येणारे फोन. यांत काही ध्वनिमुद्रित आवाजाचे असतात, काही कॉल सेंटरमधल्या माणसांनी लावलेले, तर काही विम्याचे नाव पुढे करून बँक खात्यावर हात मारणाऱ्या टोळ्यांचे. नाशिकमध्ये या सगळ्यांची 'कंपनीवाल्यांचे फोन' अशी एकच मोट बांधली जाते. ती मोट सोडवली की निम्मे काम झाले. विक्रेत्याच्या कटकटीची दाद जिथे लागते तिथे चोराची लागत नाही, आणि चोरामागे ज्या घाईने धावावे लागते त्या घाईची विक्रेत्याबाबत गरज नसते.

फोन कसा लागतो

फोन उचलून दोनदा 'हॅलो' म्हटले तरी पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता, मग एकदम "नमस्ते सर, मैं हेल्थ इन्शुरन्स विभाग से बात कर रही हूँ". ही शांतता यंत्राची असते. कॉल सेंटरमधले डायलर मोकळ्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकाच वेळी फिरवते. कोणी फोन उचलला की ते मोकळा कर्मचारी शोधते, आणि सापडला नाही तर फोन तुटतो. दुपारी जरा डोळा लागल्यावर येणारे बरेचसे मुके फोन याच जातीचे. दुसऱ्या प्रकारात माणूस नसतोच. "आपल्या पॉलिसीचा बोनस मंजूर झाला आहे, माहितीसाठी एक दाबा" एवढी ध्वनिफीत वाजते. एक दाबणाऱ्याचा नंबर 'जिवंत' ठरतो आणि पुढच्या यादीत जातो.

अशा फोनांना अमेरिकेत रोबोकॉल म्हणतात. तिथे १९९१ च्या कायद्याने ध्वनिमुद्रित आवाजाच्या फोनांवर बंधने आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला आवाजही त्यांतच धरला. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२५ च्या सुधारित नियमांनुसार असे स्वयंचलित फोन करणाऱ्याने दूरसंचार कंपनीला आधी तसे कळवावे लागते.

पडद्यावर दिसणाऱ्या नंबरावरून फोन कुठला हे ठरत नाही. सिम बॉक्स नावाच्या पेटीत डझनावारी सिमकार्डे बसवलेली असतात. परदेशातून इंटरनेटवरून आलेला फोन तिच्यातून साधा देशी मोबाइल नंबर होऊन बाहेर पडतो. ट्रूकॉलरवर दिसणाऱ्या नावावरही विसंबता येत नाही, कारण ते वापरणाऱ्यांनीच दिलेले असते आणि भामटा स्वतःला 'विमा विभाग' असे नाव देऊन मोकळा होतो.

नंबर मिळतो कुठून

बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. विम्याच्या हप्त्यांची तुलना करून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर 'किती पडेल बघू' म्हणून नंबर टाकला की पुढचा आठवडा फोन थांबत नाही. त्या अर्जाखालच्या चौकटीत खूण केली की कंपनी ती संमती धरते. मात्र सुरू असलेल्या व्यवहारापुरती दिलेली अशी संमती २०२५ च्या नियमांनुसार ७ दिवसच टिकते, आणि ग्राहकाने नकार दिल्यावर तीच कंपनी ९० दिवस पुन्हा संमती मागू शकत नाही. ही तरतूद फोन करणाऱ्या पोराला ठाऊक नसते. त्याला ती ऐकवून पाहण्यात एक वेगळी मजा आहे. प्रदर्शनातल्या 'लकी ड्रॉ'ची चिठ्ठी आणि झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेली पॉलिसीची प्रत, हेही जुने रस्ते आहेत.

कधी माहिती मुळातूनच गळते. २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रे टेलिग्रामवरच्या बॉटमधून (आपोआप उत्तरे देणाऱ्या प्रोग्रॅममधून) मिळत असल्याचे प्रकरण गाजले होते. त्यामुळे समोरच्याने पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख आणि नॉमिनीचे नाव बिनचूक सांगितले तरी तो कंपनीचाच आहे असे मानता येत नाही. "त्याला सगळं माहीत होतं हो" हे फसलेल्या माणसाचे नेहमीचे वाक्य असते.

विक्रेत्याला अडवणे : १९०९

नको असलेल्या फोनांची राष्ट्रीय नोंदवही भारतात २००७ मध्ये सुरू झाली. २०१० मध्ये नियम बदलले. २०१८ च्या नियमांनी ब्लॉकचेनवर आधारलेली आजची व्यवस्था आणली, आणि १२ फेब्रुवारी २०२५ रोजी तीत मोठी दुरुस्ती झाली. ग्राहकाच्या बाजूने काम साधे आहे : १९०९ वर फोन करावा, किंवा इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' आणि पुढे ० लिहून त्याच क्रमांकावर एसएमएस करावा, म्हणजे जाहिरातीच्या सगळ्या फोनांना आपला नकार नोंदला जातो (यालाच डीएनडी म्हणतात). सगळे नको असतील तर गट निवडता येतात, आणि इथे अनेकांची चूक होते. आरोग्य विम्याचे फोन थांबवायचे म्हणून लोक 'आरोग्य' हा ४ क्रमांकाचा गट बंद करतात. विमा मात्र बँक आणि क्रेडिट कार्डांसोबत १ क्रमांकाच्या गटात आहे. चौथा गट बंद करणाऱ्याला विम्याचे फोन पूर्वीसारखेच येत राहतात.

नोंदणीकृत विक्रेत्याने जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करायचा असतो. बँका, विमा कंपन्या यांसारख्या वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून पॉलिसी विकणारा माणूस पहिल्या वाक्याआधीच नियम मोडून बसलेला असतो. डीएनडी घेतल्यावर कायदा पाळणारे गप्प होतात आणि उरतात ते न पाळणारे. म्हणूनच 'डीएनडी करूनही फोन येतातच' ही तक्रार खरी असली तरी नोंद वाया गेली असे होत नाही. तिच्यानंतर वाजणारा प्रत्येक विमा फोन जास्त संशयास पात्र ठरतो.

तक्रार फोन आल्यापासून ७ दिवसांत करता येते. पूर्वी ही मुदत ३ दिवसांची होती. बिगरनोंदणी विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायला आता आधी डीएनडी घेतलेले असण्याची अट नाही. दूरसंचार कंपनीने ५ दिवसांत कारवाई करायची आहे, आणि १० दिवसांत पाच तक्रारी आल्या तर त्या नंबराची तपासणी होते. एकट्याची तक्रार हलकी पडते. सोसायटीतल्या पाच घरांनी त्याच नंबराविरुद्ध त्याच आठवड्यात तक्रार केली तर मात्र ती लागू पडते.

नाशिकचे गिऱ्हाईक

विमा विकणाऱ्यालाही आणि ठकवणाऱ्यालाही नाशिकची वस्ती सोयीची आहे. नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून आणि नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समधले जुने कामगार, इंदिरानगर-गंगापूर रोडकडचे सेवानिवृत्त शिक्षक : ठरलेले निवृत्तिवेतन, बँकेत ठेव, मुले पुण्याला किंवा परदेशात, आणि फोन आला की उचलायची सवय. ज्येष्ठांना 'बेटा' म्हणायची संधी देणारा आवाज घरात बराच वेळ रेंगाळतो.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगाराला वेगळी बतावणी ऐकू येते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) येतो. त्याची वर्गणी पगारातून आणि मालकाकडून परस्पर भरली जाते. त्यामुळे 'तुमचे ईएसआय कार्ड बंद पडतेय, नूतनीकरणाचे इतके पाठवा' या फोनाला कसलाही आधार नसतो.

दिंडोरी-निफाडच्या गावांत फोन सरकारी योजनेच्या नावाने येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. आयुष्मान भारत २०१८ पासून आहे आणि तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. हे शेवटचे खरे असल्यामुळेच त्याच्या नावावरची थाप पचते. "आजी, तुमचं सत्तर वर्षांचं कार्ड आलंय, मोबाइलवर आलेला नंबर सांगा" म्हटल्यावर आजी आधारचा ओटीपी सांगून टाकते. योजनेत येण्यासाठी फोनवर पैसे भरावे लागत नाहीत. शंका असेल तर योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे, किंवा आयुष्मानच्या १४५५५ वर.

थापांचे प्रकार

सगळ्यांत मुरलेली थाप बंद पडलेल्या पॉलिसीची. फोन 'विमा नियामकाकडून' येतो : तुमच्या जुन्या पॉलिसीवर एजंटने खाल्लेले कमिशन आणि बोनस मिळून मोठी रक्कम अडकली आहे, ती सोडवायला फाइल शुल्क भरा. ते भरले की टीडीएस, मग जीएसटी, मग 'एक नवी पॉलिसी घेतली तर रक्कम लगेच सुटेल'. दर वेळी मागणी आधीपेक्षा मोठी, आणि दर वेळी आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण विमा विकत नाही, बोनस जाहीर करत नाही आणि हप्त्याचे पैसे गुंतवत नाही, असे त्याने वारंवार जाहीरपणे सांगितले आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे. त्यानंतरच्या घरगुती पॉलिसीवर जीएसटी मागणारा तिथेच उघडा पडतो.

'पहिल्या हप्त्यात माझ्या कमिशनातले परत देतो' हे ऐकायला घरगुती वाटते, पण विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे हाच गुन्हा असून दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर 'पॉलिसी' म्हणून येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडली की फोनचे एसएमएस भामट्याला दिसू लागतात. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, हे ठाऊक असणारेही 'क्लेमचा परतावा' या शब्दापाशी चुकतात.

यापेक्षा अवघड प्रकरण कायदेशीर कंपनीच्या खोट्या बोलण्याचे. पॉलिसी खरी, पावती खरी, आश्वासन तेवढे खोटे. 'पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर' म्हणतात. प्रत्यक्षात आधीपासूनच्या आजारांसाठी वाट पाहण्याचा काळ ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे पडताळणीच्या फोनआधी दिली जाणारी शिकवणी : "शुगर आहे का विचारतील, नाही म्हणा, उगाच हप्ता वाढेल". तो 'नाही' ध्वनिमुद्रित होतो आणि दोन वर्षांनी दावा नाकारताना कंपनी तोच पुढे करते. विक्रेता तेव्हा नोकरी सोडून गेलेला असतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय लपवल्याचे कारण देता येत नाही. पण पाच वर्षे आजार थांबत नाही. काही वेळा विकलेली वस्तू विमाच नसते, तपासण्यांवर सवलत देणारे सभासद-कार्ड असते. 'कॅशलेस' शब्द त्यावरही छापलेला असतो.

अशा खऱ्या पॉलिसीवर साधा उपाय म्हणजे 'फ्री लुक'. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. वैतागून कागद कपाटात टाकणाऱ्यांची मुदत तिथेच संपते.

दाद

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पोलीस ठाण्याकडे निघण्याआधी. चोरलेली रक्कम काही मिनिटांत भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकते. १९३० वरून संबंधित बँकेला सूचना गेली तर वाटेत जी सापडेल ती गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे न गेलेला, पण संशयास्पद फोन दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेवर कळवता येतो. ती मार्च २०२४ पासून आहे.

पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिक रोड, देवळाली कॅम्प हा भाग शहर पोलीस आयुक्तालयात येतो, तर ओझर, निफाड, दिंडोरी, सिन्नर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. दोन्हींची सायबर पोलीस ठाणी वेगळी आहेत. 'तुमची हद्द नाही' हे उत्तर मात्र १ जुलै २०२४ पासून चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते.

ओटीपी स्वतः सांगितला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणे महागात पडते, आणि ज्येष्ठ मंडळी नेमकी मुलांपासून लपवण्यासाठीच गप्प बसतात.

खोटे बोलून विकलेल्या पॉलिसीची तक्रार आधी कंपनीकडे, मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपालाकडे येतो. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग हा स्वतंत्र मार्ग आहे.

एकदा फसलेल्याचा नंबर टोळ्यांत पुन्हा विकला जातो. काही आठवड्यांनी 'सायबर सेल'मधून किंवा 'ग्राहक न्यायालया'तून फोन येतो : तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, सोडवण्याचे शुल्क तेवढे भरा. आवाज वेगळा असतो, वेळ बहुधा तीच, दुपारी जेवणानंतरची.