रक्तातली चमचाभर साखर

‘रात्री लवकर जेवलो, त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही टाकलं नाही. तरी सकाळी उपाशीपोटी साखर १६०? आली कुठून ही?’

मधुमेह झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट कळलं, तर गोळ्या का घ्यायच्या, काय खायचं आणि चालायला का जायचं, हे सगळं एकाच धाग्यात बसतं.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असते, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी. गुणाकार करून पाहा. सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज, लहानसा एक चमचा. हाच आकडा १२६ किंवा त्यावर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, की त्याला मधुमेह म्हणतात. चमच्याचा सव्वा चमचा झाला, एवढाच काय तो फरक. याउलट एका जेवणातून साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं सहज पोटात जातात, म्हणजे रक्तात एका वेळी असते त्याच्या बारा-चौदा पट. पुढच्या दोन-तीन तासांत त्यांतली बरीचशी ग्लुकोज होऊन रक्तात उतरतात, तरी निरोगी शरीरात त्या एका चमच्याचे दोन होत नाहीत. साखर ज्या वेगाने येते, जवळपास त्याच वेगाने ती उचललीही जाते. मधुमेहात बिघडतं ते हे उचलणं. गोड खाल्लं म्हणून झाला, एवढ्यावर विषय संपवला की बाकीचं काहीच दिसत नाही.

आता त्या सकाळच्या १६० कडे येऊ. आपण झोपलेलो असतो तेव्हाही मेंदू जागा असतो आणि त्याला दिवसाला शंभरेक ग्रॅम ग्लुकोज लागतं. रक्तातला चमचा त्याला तासभरच पुरेल. म्हणून यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं; काही साठ्यातली, काही नव्याने बनवलेली. किती सोडायची, यावर इन्सुलिनचा लगाम असतो. टाइप २ मधुमेहात, म्हणजे सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, यकृत हा लगाम नीट जुमानत नाही. त्यात पहाटे शरीराला जागं करणारी संप्रेरकं वाढतात, तीही साखर वर ढकलतात. म्हणजे सकाळची ती जास्तीची साखर ताटातून आलेली नसते, ती घरच्याच कोठारातून आलेली असते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध मुख्यतः इथेच काम करतं, यकृताचा हात आखडता करतं. ‘मी गोड पूर्ण सोडलंय, मग गोळी कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आणि सकाळचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून आदल्या रात्री जेवण टाळणाऱ्यांनीही. काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तो खेळ जिवावर बेतू शकतो.

यकृत बिघडतं कशामुळे? बहुतेकांच्या बाबतीत त्यात साचलेल्या चरबीमुळे. तीच चरबी स्वादुपिंडातही शिरते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना मंद करते. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०१७ साली आले. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरीचाच आहार दिला गेला. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. याला बरं होणं म्हणत नाहीत, वजन परतलं की आजारही परततो. शिवाय इतका कमी आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये, औषधांचे डोस आधी बदलावे लागतात. पण ‘एकदा लागला तो लागलाच’ हे वाक्य आता सरसकट खरं राहिलेलं नाही.

जेवणानंतरच्या साखरेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायूच्या पेशीत साखर आपसूक शिरत नाही. तिला आत घेणारी दारं, म्हणजे ग्लूट-४ नावाची प्रथिनं, पेशीच्या आत सूक्ष्म बुडबुड्यांवर बसून असतात. इन्सुलिन बाहेरून येऊन पेशीला चिकटलं की आत एकापुढे एक निरोप जातात, बुडबुडे पृष्ठभागाकडे सरकतात, आवरणात मिसळतात आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडतात. टाइप २ मध्ये हा निरोप वाटेतच अडतो. पण स्नायू आकुंचन पावला, तर तेच बुडबुडे इन्सुलिनची वाट न पाहता वर येतात. हा दुसरा रस्ता मधुमेहातही शाबूत असतो. या सगळ्या विषयात मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं, तर साखर रक्तात उतरत असतानाच पायांचे स्नायू ती उचलू लागतात. व्यायामाने वाढलेली ही ग्रहणशक्ती साधारण एक-दोन दिवस टिकते, म्हणून सलग दोन दिवस खाडा पडू देऊ नये. आणि नुसतं चालणं पुरत नाही. वजनं उचलणं, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं हेही हवं. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की साखर ठेवायची जागाच आकसते.

खाण्याबद्दल खरं तर दोनच गोष्टी कळीच्या आहेत : किती कर्बोदकं, आणि ती किती वेगाने रक्तात उतरतात. तंतू, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ हा वेग कमी करतात. तेच जेवण, पण आधी भाज्या आणि प्रथिनं, शेवटी धान्य, असं घेतलं तरी नंतरची उसळी कमी होते. फळ चावून खाणं आणि त्याचा रस पिणं यांत म्हणूनच मोठा फरक आहे. मात्र ‘साखरविरहित’ असं लिहिलेल्या पाकिटात पीठ किती आहे, तेही वाचावं.

यकृत आवरलं नाही, स्नायूंनी उचललं नाही, आणि साखर १८० च्या वर गेली, की मूत्रपिंड ती लघवीतून सोडू लागतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळा काढलेला फ्लोरिझिन हा पदार्थ ही गळती मुद्दाम वाढवतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. त्याच धर्तीवर घडवलेली ग्लिफ्लोझिन गटातली औषधं आज साखर कमी करतातच, शिवाय हृदय आणि मूत्रपिंड यांनाही जपतात. टाइप १ मधुमेहाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, तेव्हा ते बाहेरूनच घ्यावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं डोळ्यांदेखत खंगून जायची. टाइप २ मध्येही पुढे इन्सुलिन लागलं, तर ते ‘शेवटचं’ औषध नव्हे आणि रुग्णाचा पराभव तर मुळीच नव्हे.

साखर थोडी जास्त राहिली, काही दुखत नाही, तर बिघडलं कुठे? डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा यांच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. रक्तात जितकी साखर, तितकी त्यांच्यात शिरते. त्यांना दार लावून घेता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले : रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सी ७.९ टक्क्यांऐवजी ७ टक्के राखलेल्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी होते. पुढे दोन्ही गटांतला साखरेचा फरक मिटला, तरी सुरुवातीला जपलेल्यांचा फायदा दहा वर्षांनंतरही टिकून होता. म्हणून पहिली वर्षं अंगावर काढू नयेत.

पायांची तपासणी कशी होते, ते पाहण्यासारखं आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगतात. नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. दाब असतो दहा ग्रॅमचा. ‘लागलं का?’ नसा धड असतील, तर ‘हो’ लगेच येतं. नसतील, तर माणूस शांत बसून राहतो, अजून तपासणी सुरूच झालेली नाही अशा समजुतीत. असा पाय बुटातला खडाही सांगत नाही. रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून, ते यासाठी.

शेवटी, चमचा रिकामा होण्याबद्दल. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांचं जेवण लांबलं, व्यायाम जास्त झाला किंवा रिकाम्या पोटी मद्य घेतलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, बोलण्यात गोंधळ होतो. साखर ५० वर आली म्हणजे सगळ्या रक्तात अडीच ग्रॅम उरले. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच प्यायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर काहीतरी खाऊन घ्यायचं. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवायचं आणि मदत बोलवायची. आणि किती वाजता झालं, आधी काय खाल्लं होतं, किती चाललं होतं, हे लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायचं. बहुतेक वेळा डोस बदलायची वेळ आलेली असते.